मुलाचा शब्द आणि आईचा तास

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही संपाविषयी, बोनसविषयी, फार तर गिरण्यांच्या इतिहासाविषयी बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘लहान मुलांचे शब्द’ असे आम्ही सांगितले तेव्हा ते थोडे थबकले. युनियनच्या माणसाचे पाळण्यापाशी काय काम, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

काही वर्षांपूर्वी सोलापुरात विडी कामगार बायकांच्या वस्तीत आम्ही सभासद-वर्गणीसाठी हिंडत होतो. एका खोलीत एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसली होती. शेजारी दोन वर्षांचा मुलगा. घर तेलुगू बोलणारे. मुलाने एक पान उचलले आणि विचारले, “इदेंदी?” म्हणजे, हे काय? आईचे ओठ हलत होते, पण उत्तर आले नाही. ती मोजीत होती. पोराने पुन्हा विचारले, तिसऱ्यांदा विचारले, मग पदर ओढला. आईने त्याला दटावले आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. खरे सांगायचे तर बाई तुसडी आहे असेच त्या क्षणी आमच्या मनात आले. आम्ही उठलो तेव्हा ती आपणहून म्हणाली, “अण्णा, मोज चुकली की पुन्हा पहिल्यापासून. हजार भरल्याशिवाय मी बोलू कधी?”

हजार विड्यांना दर किती, यावर आम्ही उभे आयुष्य भांडलो. त्या हजारांत मुलाचे किती प्रश्न बुडतात, हा हिशेब मात्र आम्ही कधी मांडला नव्हता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्याच बाकावर बसून आम्ही या गोष्टीचा इतिहास धुंडाळू लागलो. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

मूल बोलायला शिकते ते कशामुळे, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा एक कठोर प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे. माणसाची उपजत भाषा कोणती, हे पाहण्याची अकबर बादशहाला इच्छा झाली. त्याने काही तान्ही मुले एका घरात ठेवली, सांभाळायला दाया नेमल्या आणि त्यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही, असा हुकूम केला. अबुल फजलने अकबरनाम्यात ही हकीकत लिहिली आहे. १५८२ साली बादशहा स्वतः त्या घरी गेला. मुले जिवंत होती, पोसलेली होती. पण मुक्यांच्या आवाजापलीकडे त्यांच्याकडून काही निघाले नाही. लोकांनी त्या घराला गुंगमहाल म्हटले. अन्नाने अंग वाढते. शब्द मात्र दुसऱ्याच्या तोंडूनच यावे लागतात, हे त्या दिवशी कळून चुकायला हवे होते. परंतु शहाणपण एकदा मिळाले म्हणजे टिकतेच असे नाही.

साडेतीनशे वर्षांनंतरची गोष्ट घ्या. स्थळ अमेरिकेतील आयोवा राज्य, काळ १९३० नंतरच्या मंदीचा. डेव्हनपोर्ट येथील अनाथालयात तान्ही मुले कापडाने बाजू झाकलेल्या पाळण्यांत पडून असत. परिचारिका येत, दूध पाजीत, लंगोट बदलीत आणि लगबगीने पुढच्या पाळण्याकडे जात. त्यांच्यात माया नव्हती असे नव्हे. त्यांना वेळ नव्हता. तेथे हॅरल्ड स्कील्स नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करीत. सव्वा वर्षाच्या आसपासच्या दोन मुली इतक्या मलूल होत्या, की त्या जन्मतःच मतिमंद आहेत असे ठरवून त्यांना मतिमंदांच्या संस्थेत पाठविण्यात आले. सहा महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेत गेले, तेव्हा खोलीभर पळणाऱ्या दोन हसऱ्या मुली त्यांना दिसल्या. त्यांनी त्यांना ओळखलेही नाही.

काय घडले होते? औषध नव्हे, खास शिकवणीही नव्हे. त्या संस्थेतील मोठ्या वयाच्या बायकांनी, ज्यांना जगाने मंदबुद्धी म्हणून कोंडून ठेवले होते त्यांनी, या दोन मुलींना आपले केले होते. त्यांना कडेवर घेणे, त्यांच्याशी बोलणे, त्यांच्या बोबड्या बोलास उत्तर देणे, याला त्या बायकांपाशी दिवसभर वेळ होता.

स्कील्सनी मग एकूण १३ मुले अशीच हलविली. त्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने २५ हून अधिक वाढला. अनाथालयातच राहिलेल्या दुसऱ्या १२ मुलांचा जवळजवळ तितकाच घसरला. १९३९ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा विद्वानांनी त्याची टर उडविली. बुद्धी जन्माने ठरते, असा तेव्हाचा बाणा होता. स्कील्सनी त्याच मुलांचा मोठेपणी पुन्हा शोध घेऊन १९६६ साली दुसरा अहवाल काढला. पहिल्या तेरांतील सर्वच्या सर्व आपल्या पायांवर उभे होते. दुसऱ्या बारांपैकी एकजण पौगंडावस्थेतच वारला होता आणि चौघे अजून संस्थांतच होते. आम्ही आजवर पुष्कळ अहवाल वाचले. याच्याइतका झोप उडविणारा दुसरा वाचला नाही. कारण त्या अनाथालयात कोणी दुष्ट नव्हते. मुले अधिक आणि हात थोडे, एवढाच काय तो अपराध.

आता या विषयातील सर्वांत गाजलेल्या प्रकरणाकडे येऊ. तेही अमेरिकेतलेच, कॅन्सस सिटीचे. १९६० नंतर तेथे गरिबीविरुद्ध सरकारी मोहीम सुरू झाली, तेव्हा बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले या दोघा अभ्यासकांनी गरीब काळ्या वस्तीत एक बालवर्ग चालविला. मुलांना नवे शब्द भरभरून शिकविले. मुले शब्द शिकत. पण वर्गाबाहेर नवा शब्द आपणहून उचलण्याचा त्यांचा वेग काही बदलेना. तेव्हा या दोघांनी ठरविले, की चौथ्या वर्षी पाहण्याऐवजी अगदी आरंभापासून आणि घरातच पाहावे. त्यांनी ४२ कुटुंबे निवडली. मूल सात-नऊ महिन्यांचे असल्यापासून तीन वर्षांचे होईपर्यंत दर महिन्याला एक तास त्या घरी जाऊन बसायचे आणि घरातील बोलणे ध्वनिमुद्रित करायचे. ते उतरवून मोजण्यातच पुढे कित्येक वर्षे गेली. पुस्तक निघाले १९९५ साली.

त्यातील आकडे असे. वकील-प्राध्यापकांसारख्या व्यावसायिकांच्या घरी मुलाला तासाला सरासरी २,१५३ शब्द ऐकू येत. कामगारांच्या घरी १,२५१. सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरी ६१६. तिसऱ्या वर्षी मुलांच्या तोंडी नोंदले गेलेले शब्द त्याच क्रमाने १,११६, ७४९ आणि ५२५. दुसरा एक आकडा कमी सांगितला जातो, पण आम्हांस तो अधिक बोलका वाटतो. पहिल्या घरी तासाला ३२ वेळा ‘बरोबर’, ‘शाब्बास’ अशी दाद मिळे आणि ५ वेळा ‘नको’, ‘थांब’ असा अटकाव होई. कामगाराच्या घरी दाद १२, अटकाव ७. मदतीवरील घरी दाद ५, अटकाव ११.

पुढे या दोघांनी गुणाकार केला. आठवड्याला १०० तास मूल जागे असते असे धरले, तर चार वर्षांत २०,८०० तास होतात. यास २,१५३ ने गुणा आणि ६१६ ने गुणा. वजाबाकी ३ कोटी १९ लाखांवर जाते. चौथ्या वर्षाच्या आत तीन कोटी शब्दांची तूट! हा आकडा जगभर गाजला. सभांतून, सरकारी पत्रकांतून फिरला. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराने तर मुलांच्या अंगावर शब्द मोजणारे लहानसे यंत्र बांधून आईबापांना त्यांची आकडेवारी दाखविण्याची योजना काढली. २०१३ साली तिला पन्नास लाख डॉलरचे बक्षीस मिळाले.

आम्ही पगारपत्रके तपासण्यात केस पांढरे केलेली माणसे. कोणी एवढा मोठा आकडा पुढे केला, की आम्ही मूळ हजेरी-बुक मागतो. येथे मागितले तर काय दिसते? मदतीवरील कुटुंबे अवघी सहा, आणि सहाही काळी. महिन्यातून एक तास परका माणूस यंत्र घेऊन कोपऱ्यात बसलेला. अशा वेळी शिकलेल्या घराला कंठ फुटतो आणि गरिबाची जीभ टाळ्याला चिकटते, हे सांगायला पंडित कशाला हवा? मोजमाप तिसऱ्या वर्षी थांबले, गुणाकार मात्र चौथ्यापर्यंत गेला. सहा माणसांच्या हजेरीवरून मालकाने साऱ्या खात्याचे काम ठरविले, तर आम्ही ते मान्य करू काय?

ही शंका विद्वानांनीही घेतली. २०१९ साली डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी अमेरिकेतील पाच निरनिराळ्या वस्त्यांतील नोंदी प्रसिद्ध केल्या. नुसत्या आईचे नव्हे, तर आजी, मावशी, भावंडे या सर्वांचे आणि मुलाच्या कानावर पडणारे इतर बोलणेही धरले, तेव्हा गरीब वस्त्या-वस्त्यांत मोठा फरक दिसला आणि तीन कोटींची ती सरळ उतरंड उरली नाही. त्याआधी १९८३ साली शर्ली ब्राइस हीथ या बाईंनी अमेरिकेच्या कॅरोलायना भागातील कापड गिरण्यांच्या दोन कामगार वस्त्यांवर पुस्तक लिहिले होते. त्यांतील काळ्या वस्तीत मोठी माणसे तान्ह्या मुलाशी बोबडे बोलत नसत. मूल चार माणसांच्या घोळक्यात वाढे आणि गोष्ट रंगवून सांगण्यात पटाईत होई. शाळेत मात्र बाई वस्तू हातात धरून ‘हे काय?’ असे विचारीत. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊकच आहे असा प्रश्न त्या मुलाला कोणी कधी विचारलेला नसे. ते गप्प राही आणि बाई ‘शब्द येत नाहीत’ असा शेरा मारीत. सोलापूरच्या तेलुगू मुलाचे मराठी शाळेत वेगळे काय होते? त्याच्यापाशी शब्द असतात. मोजणाऱ्याच्या वहीत त्यांचा रकाना नसतो.

मग सारा प्रकार खोटा म्हणून सोडून द्यावा काय? नाही. येथे आपल्या बाजूच्या माणसांनीही सत्य सोडता कामा नये. त्याच २०१३ साली अद्रियाना वाइस्लेडर आणि अ‍ॅन फर्नाल्ड यांचा लेख आला. त्यांनी स्पॅनिश बोलणारी २९ कुटुंबे घेतली. सगळीच कमी उत्पन्नाची. दिवसभराच्या नोंदीत एका मुलाशी दहा तासांत ६७० शब्द बोलले गेले होते, तर दुसऱ्याशी १२,००० वर. गरिबी साधारण सारखी, बोलण्यात मात्र सतरा-अठरा पटींचे अंतर! ज्यांच्याशी अधिक बोलले गेले, त्यांचा दोन वर्षांच्या वयाचा शब्दसंग्रह मोठा निघाला. नुसत्या कानावर पडलेल्या बोलण्याचा तसा उपयोग दिसला नाही.

यावरून दोन गोष्टी ठरतात. गरिबाच्या जिभेत उपजत खोट नाही, ही एक. आणि मुलाच्या डोळ्यांत पाहून, त्याच्या हातातील वस्तूविषयी, त्याला उद्देशून बोललेल्या शब्दाची बरोबरी दुसरे बोलणे सहसा करीत नाही, ही दुसरी. यंत्राचे बोलणे तर नाहीच. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकविली. समोर बसून माणूस खेळवीत बोलला, तेव्हा बारा बैठकींत बाळे त्या भाषेचे ध्वनी वेगळे ओळखू लागली. तेच बोलणे पडद्यावरून दाखविले, तेव्हा काहीच शिकली नाहीत.

आता खरा प्रश्न असा की, बोलणे कशाने आटते? आमच्या वाचनात आलेले सर्वांत मोलाचे उत्तर अलीकडचे आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील मोनिका एल्वुड-लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ते मांडले. मुलांच्या अंगावरील यंत्रांच्या नोंदी त्यांनी तारखेप्रमाणे लावून पाहिल्या. महिनाअखेरीस, म्हणजे पैशाची ओढाताण होण्याच्या दिवसांत, आईबाप आणि मूल यांच्यातील बोलण्याची देवघेव कमी झालेली आढळली. तीच माणसे, तेच घर, तेच मूल. खिसा रिकामा होत गेला, तसतसे तोंड मिटत गेले. आमच्या विडीवाल्या बाईने जे एका वाक्यात सांगितले, तेच हे.

येथे आपल्याकडच्या इतिहासाकडे वळतो, कारण हीच गाठ आपल्या कामगारांच्या इतिहासातही बसलेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले. अकरा तास ही तेव्हाची दया! त्या बायकांच्या तान्ह्या मुलांचे काय होई? अफूची बाळगोळी देऊन त्यांना निजवून ठेवीत. १९२० नंतरच्या सरकारी चौकशांतून याची नोंद आहे. बाळगोळीने मुले अशक्त होत, दगावत, हे डॉक्टरांनी लिहिले. पण त्या गुंगीत दिवसाचे किती बोलणे हरवे, हे कोणी लिहिले नाही. तो आमचा स्वतःचा हिशेब आहे, आणि तो चुकीचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली हा आकडा तीसवर आणला. पाळणाघरात जागा पुरेशी असावी, उजेड-वारा असावा, स्वच्छता असावी, मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेली बाई असावी, असे कायदा म्हणत होता. चांगलेच आहे. परंतु एका बाईकडे मुले किती, तिला मुलाशी बोलायला सवड किती, हे त्यात नव्हते. आयोवाच्या अनाथालयातही उजेड आणि स्वच्छता होतीच. आणि दोष केवळ कायद्याचा नाही. आम्ही युनियनवाल्यांनीही पाळणाघर मागितले ते खोली म्हणून. माणूस म्हणून मागितले नाही. घरी विडी वळणाऱ्या बाईला तर ती खोलीही मिळाली नाही. तिचे घर हाच कारखाना, पण पाळणाघरापुरता तो कारखाना नव्हे.

ही गोष्ट ज्यांनी ओळखली, त्या दोघी आपल्याच मातीतल्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत ते पुढे नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हा त्यांचा साधा विचार. पाने, फुले, शिंपले, बिया, जे मुलाच्या हाती आहे त्यावरच बोलायचे. ‘हे काय?’ या प्रश्नाला अंगणातच उत्तर द्यायचे. अंगणवाडी हा शब्द तेथून निघाला आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सरकारी योजनेबरोबर देशभर गेला. मात्र त्या योजनेत बालशिक्षण ठरले ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तीनच्या आतल्या मुलासाठी आहार, लस आणि तपासणी. म्हणजे ज्या वर्षांत शब्दांचा पाया पडतो, ती वर्षे पुन्हा आईच्या सुपापाशीच राहिली.

आमच्या लहानपणी वडील रात्रपाळीला असत आणि आई मोलकरणीच्या कामाला. आमच्याशी दिवसभर बोलली ती आजी. निवडणे-टिपणे करताना ती खड्याचे नाव सांगे, डाळीचे सांगे, पाहुण्यांतल्या कोणाची जीभ तिखट आहे तेही सांगे. तिला अक्षर येत नव्हते. आज व्यासपीठावर उभे राहताना जे शब्द आम्हांस सुचतात, त्यांतले निम्मे तिचे आहेत. आता आजी गावाकडे, सून-मुलगा शहरात आणि पोराच्या हाती मोबाईल, असे चित्र घरोघर दिसते. त्या आईबापांना नावे ठेवणे सोपे आहे. बाळगोळी देणारी बाईदेखील वैरीण नव्हती. तिला अकरा तास उभे राहायचे होते.

म्हणून आईला उपदेश करून हे काम भागणार नाही. ‘मुलाशी अधिक बोला’ असे पत्रक तिच्या हाती देणे, म्हणजे उपाश्याला जेवणाचे महत्त्व सांगणे होय. बापाने घरी आल्यावर मुलाच्या तीन प्रश्नांना उत्तर द्यावे, एवढे आम्ही सभासदांना सांगतो आणि सांगत राहू. त्याला पैसे पडत नाहीत. पण बाकीचे पैशाने आणि तासानेच सुटेल. हजारी दर असा हवा, की आठशे विड्यांत घर चालावे. वस्तीत पाळणाघर हवे. त्यात चार-पाच मुलांमागे एक बाई हवी, मुलाची घरची भाषा बोलणारी हवी, आणि तिला पगार पोट भरेल असा हवा. पोटाची चिंता करणाऱ्या बाईच्या तोंडूनही शब्द आटतात, हे आपण पाहिलेच आहे.

गेल्या वेळच्या मागणीपत्रात आम्ही ही मागणी घातली, तेव्हा समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, “आता गप्पांचेही पैसे मागता काय?” आम्ही म्हटले, होय. रविवार मागितला तेव्हाही मालक हसलेच असतील. ती मागणी अजून मान्य झालेली नाही. पुढच्या मागणीपत्रात ती पुन्हा असेल. या वेळी पहिल्या क्रमांकावर.